नाव ठेवू नको

"वर बघू नको, तोंडात भुसा जाईल," धाकूकाका झाडावरून ओरडले, आणि मी वर बघितलंच. भुसा तोंडात गेला.

थुंकत थुंकत बाजूला झाले. चाळीसेक फुटांवर दोरीला लोंबकळत एक साठी उलटलेला माणूस झाडाला बांधलेल्या लाकडी पेटीतून जुना भुसा उपसत होता. खाली मी, पुण्याची मार्केटिंगवाली बाई, गळ्यात कॅमेरा अडकवून पायावर चढणाऱ्या मुंग्या झटकत होते. मॉरिशसच्या त्या जंगलातला तो माझा चौथा दिवस. या गोष्टीला आता चौदा वर्षं होतील.

दोरीला बांधलेली एक कापडी पिशवी हळूहळू खाली आली. तिच्यामागून काका उतरले. पिशवीचं तोंड उघडून त्यांनी आतला जीव तळहातावर घेतला. जगात फक्त याच बेटावर आढळणाऱ्या हिरव्या पोपटाचं पिल्लू होतं ते. माझ्या डोक्यात पोस्टरवरचा देखणा पोपट होता. इथं अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, पोट हे एवढं, आणि मानेला पेलवत नाही अशी चोच.

"अगं बाई, किती कुरूप आहे हे," माझ्या तोंडून निघून गेलं.

काकांनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि पिल्लावर दुसरा हात आडवा धरला.

"त्याला नाव ठेवू नको हां. हितं आमी कुणीच ठेवत नाय. उडेपर्यंत तरी नाय."

मी वरमले. "नाही ठेवणार, काका. चुकलं माझं."

"शब्द?"

"शब्द."

मग त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी पिल्लाचं वजन केलं, वहीत लिहिलं. "आज नववा दिवस," स्वतःशीच म्हणाले, आणि इवल्याशा पायात नंबराची कडी चढवली. एकशे सदतीस. मी पिल्लाचे फोटो काढले, चोचीचे काढले, काकांच्या हातांचे काढले. त्या पायाचा फोटो मात्र काढला नाही. का काढला नाही ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

धाकूकाकांचे पूर्वज पाच पिढ्यांपूर्वी रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांत कामाला आले होते. काकांच्या मराठीत तिकडचे जुने शब्द होते आणि मधूनमधून बेटावरची क्रिओल भाषा. पहिल्याच संध्याकाळी खोलीवर निघताना मी त्यांना "जाते मी" म्हणाले, तेव्हा त्यांनी मला दारातच अडवलं होतं. "जाते नाय म्हणायचं गो. येते म्हण. पुण्यात शिकवीत नाय काय?" सातासमुद्रापलीकडे येऊन असं मराठी शिकायची वेळ आली. मी मुकाट्यानं "येते" म्हणाले आणि ते "ये" म्हणाले.

मी तिथं का गेले होते, त्याचं माझ्याकडे सगळ्यांसाठी एकच उत्तर होतं. आठ वर्षं जाहिरात कंपनीत साबण आणि बिस्किटं विकली, आता जरा वेगळं काहीतरी करायचंय. सहा महिन्यांची बिनपगारी रजा काढली आणि पक्षी वाचवणाऱ्या एका लहानशा संस्थेत स्वयंसेवक म्हणून मार्केटिंगचं काम मागून घेतलं. श्रीरंगनं, माझ्या नवऱ्यानं, तेवढंही विचारलं नाही. विमानतळावर त्यानं माझी बॅग ढकलत नेली आणि पाण्याची बाटली भरून आणून दिली. वर्षभर आमच्या घरात तेवढंच शिल्लक राहिलं होतं, एकमेकांच्या बाटल्या भरून ठेवणं.

संस्थेचं ऑफिस म्हणजे जंगलाच्या कडेचं दोन खोल्यांचं घर. माझं टेबल दोऱ्यांच्या वेटोळ्यांमध्ये आणि शेंगदाण्यांच्या पोत्यांमध्ये होतं, संगणकाच्या बटणांखाली मुंग्यांनी संसार थाटला होता. पहिल्याच आठवड्यात मी जगातल्या सर्वांत दुर्मीळ पोपटांपैकी एक म्हणून संस्थेच्या इंटरनेटवरच्या पानावर एक झकास फोटो टाकला. तो निघाला आपल्याकडे पेरूच्या झाडावर येतो तो साधा पोपट. कुणीतरी कधीकाळी पिंजऱ्यातून आणला आणि बेटावर पसरला. "तुज्या गावचा पावना तो," असं म्हणून काका आठवडाभर मला हसले. तसला पोपट दिसला की "सुमेधाचा भाऊ आला" म्हणायचे. ते हसायला लागले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपण इथं राहू शकू.

सोलांज ही संस्थेची प्रमुख. पन्नाशीची, उंच, कायम घाईत असलेली क्रिओल बाई. तिला मी माझी कल्पना सांगितली. सगळ्या पोपटांविषयी लिहायचं नाही. एकच पिल्लू धरायचं आणि ते घरट्यातून उडेपर्यंत रोज त्याचं लोकांना सांगायचं. जेमतेम पन्नास-पंचावन्न दिवसांचं काम. लोक पिल्लाच्या मागे येतील, पिल्लामागून जंगलाच्या.

"पण एकशे सदतीसच्या प्रेमात कोण पडणार?" सोलांज म्हणाली. "नाव हवं. संध्याकाळपर्यंत विचार करून सांग. छोटं, सगळ्यांना म्हणता येईल असं."

"ओवी," मी म्हणाले.

"लगेच? अर्थ काय त्याचा?"

"पूर्वी बायका दळताना जे गाणं म्हणायच्या, त्याला म्हणतात."

"लॅटिनमध्ये अंड्याला ओवम म्हणतात, ऐकायला तसंच आहे. छान. पण नर निघाला तर?"

"मुलगी आहे," मी म्हणाले.

सोलांजला त्या खात्रीचं हसू आलं.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी काकांबरोबर झाडाखाली जायचे आणि दुपारी लिहायचे. आज ओवीचे डोळे उघडले. आज पाठीवर राखाडी लव आली. पेटीत एक माशी अंडी घालते, तिच्या अळ्या पिल्लाचं रक्त पितात, म्हणून काका तीन-तीन दिवसांनी भुसा बदलतात, हेही लिहिलं. स्कॉटलंडमधल्या एका शाळेनं वर्गात तक्ता लावला. टोरांटोमधली एक नर्स रात्रपाळी संपली की आधी ओवीला बघायची आणि मग झोपायची. आठ वर्षांत मला जे जमलं नव्हतं ते तिथं जमलं होतं. मी एकही खोटं वाक्य लिहीत नव्हते.

रविवारी श्रीरंगचा फोन यायचा. गीझर दुरुस्त झाला. सोसायटीची टाकी धुतली. आईचा गुडघा बरा आहे. मी ऐकायचे.

"फोटो चांगले असतात," एकदा तो म्हणाला.

"बघतोस?"

"हो."

मग त्यानं फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी सोलांजनं पोस्टर छापून आणलं. ऑफिसच्या दारावर मोठ्या अक्षरांत ओवी, आणि खाली अर्धवट पिसं फुटलेलं पिल्लू. काका खांद्यावर दोर टाकून आले आणि दारातच थांबले. ओठ हलवत त्यांनी अक्षरं वाचली.

"हे कुणाचं नाव?"

"एकशे सदतीसचं," मी उत्साहानं म्हणाले.

"कुणी ठेवलं?"

"मी."

त्यांनी दोर खाली ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"शब्द दिला होतास तू मला."

मला काही कळेना. मग झाडाखालची ती सकाळ आठवली.

"काका, मी त्याला कुरूप म्हटलं ना, म्हणून तुम्ही... नाव ठेवू नको म्हणजे नावं ठेवू नको, वाईट बोलू नको, असं मला वाटलं."

"वाईट बोललीस तर त्येला काय कळतंय? मी नाव ठेवण्याचं बोलत होतो. तुमच्यात बारशाला काय करतात?"

"नाव ठेवतात," मी म्हणाले.

"मग?"

पुण्याच्या शाळेत मराठीत पहिली आलेली मी, मला एवढं साधं वाक्य समजलं नव्हतं. सोलांज बाहेर आली, काय बिनसलं ते तिला अर्धवट कळलं, आणि ती पोस्टर काढायला लागली.

"नको," काका म्हणाले. "ठेवलेलं नाव काडून घेत नाय कुणी. आता ती ओवी."

दुसऱ्या दिवशी मी झाडाखाली उभी होते. काका वर पोचले, पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि मग त्यांचा आवाज. "ओवी गो, जागी हायस काय? भूक लागली?" बेचाळीस झाडांवरच्या बेचाळीस पेट्या ते बघायचे, पण असं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी तोंड फिरवून दुसऱ्या झाडाकडे बघत राहिले. ती उडाली पाहिजे, याखेरीज तेव्हा मला दुसरं काहीही नको होतं. नोकरी नको, पुणं नको, काही नको. ती तेवढी उडाली पाहिजे.

डिसेंबरच्या मध्यावर वादळाचा इशारा आला. बेटावर इशाऱ्याचे वर्ग असतात. तिसरा वर्ग लागला की कुणी घराबाहेर पडायचं नाही. भुसा बदलायचा दिवस होता. काका दोर घेऊन निघाले तेव्हा सोलांजनं त्यांना दारात हात पसरून अडवलं, आणि त्या दोघांचं क्रिओलमध्ये कडाक्याचं भांडण झालं. शेवटी काका खाली बसले. दोन दिवस आम्ही तिघं खिडक्यांना फळ्या ठोकून त्या घरात होतो. झाडं मोडल्याचे आवाज यायचे. दर आवाजाला काका बोट उचलायचे, दिशा बघायचे, आणि म्हणायचे, "तिचं नव्हं."

ते झाड पडलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा ते जागच्या जागी उभं होतं, पेटीही शाबूत होती. मी टाळी वाजवली. काका वर चढले. झाकण उघडल्याचा आवाज आला. मी त्यांच्या हाकेची वाट बघत राहिले.

हाक आली नाही. दोरीवरून पिशवीही खाली आली नाही. बऱ्याच वेळानं काका स्वतःच उतरले, एका हातानं दोर धरून, दुसरा हात सदऱ्याच्या आत छातीशी धरलेला. तेव्हाच मला समजलं.

"अळ्या," ते म्हणाले. "दोन दिवसांत. पिसं सगळी आली होती गो. बघ, हिरवीगार. अजून पंधरा दिवस."

मी बघितलं. ती कुरूप उरली नव्हती. मी तिला हातात घेतलं तेव्हा तिचं वजन जवळजवळ नव्हतंच, आणि माझ्या अंगठ्याशी तिच्या पायातली कडी लागली.

दुपारी मी पानावर चार वाक्यं लिहिली. ओवी गेली. वादळात आम्हाला तिच्यापर्यंत पोचता आलं नाही. ती अठ्ठेचाळीस दिवसांची होती. तुम्ही सगळ्यांनी तिला नावानं ओळखलंत, त्याबद्दल आभार. शेवटचं वाक्य मी तीनदा पुसून पुन्हा लिहिलं. सोलांजला वाटलं, दमले असेन.

तिसऱ्या दिवशी सोलांजनं आलेले निरोप छापून आणले. काका पडद्यावर काही वाचत नसत, आणि त्यांनी हे ऐकायला हवं असं तिचं म्हणणं होतं. सहा पानं भरली होती. चहा घेऊन आम्ही टेबलाशी बसलो आणि ती एकेक निरोप क्रिओलमध्ये सांगत गेली. स्कॉटलंडच्या मुलांनी तक्त्यावर फूल काढलं होतं. टोरांटोच्या नर्सनं लिहिलं होतं, ओवी, मी तुला विसरणार नाही. कुणीतरी नुसतंच ओवी लिहिलं होतं, तीनदा. त्या सहा पानांवर ते नाव किती वेळा होतं कोण जाणे.

"हे तुमच्या लिपीत आहे," ती शेवटच्या पानावर थांबून म्हणाली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. कागद तसाच टेबलावर ठेवला. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि कागद आपल्याकडे ओढून घेतला. लहानपणी गावच्या बैठकीत, म्हणजे संध्याकाळच्या शाळेत, ते देवनागरी शिकले होते. अक्षरांखाली बोट धरून त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"ये... हं... ओ-वी. बा-बा."

"काय लिहिलंय?" सोलांजनं विचारलं.

"लिवलंय, ये."

"ये? पण पिल्लू तर गेलं."

"आमच्यात जा म्हणत नायत," काका म्हणाले. "जानाऱ्याला ये म्हणतात."

सोलांजचे डोळे भरून आले. "आणि खाली बाबा. म्हणजे कुणा तान्ह्या बाळाच्या नावानं लिहिलंय." क्रिओलमध्ये बाबा म्हणजे तान्हं बाळ.

"नाय," काका सावकाश म्हणाले. "मराठीत बाबा म्हंजे बाप."

ते बोलले आणि थांबले. त्यांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग सोलांजला म्हणाले, चहा थंड झाला, जरा पुन्हा ठेव. ती आत गेली.

"किती दिवसांची होती?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

वर्षभरात मी हे कुणाशी बोलले नव्हते. मग बोलले. साडेसातव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीत नऊ दिवस होती, आम्हाला बाहेरूनच बघायला मिळायचं. पायाला चिकटपट्टी होती आणि तिच्यावर माझं नाव होतं, अमुकतमुकचं बाळ असं, कारण तिला तिचं नाव नव्हतं. बारसं बाराव्या दिवशी असतं. आली गेली प्रत्येक बाई माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, एक बरं, अजून नाव ठेवलं नव्हतं. जणू नाव नव्हतं म्हणून ती नव्हतीच. पण नाव होतं. पाचव्या महिन्यात एका सिग्नलला गाडी थांबलेली असताना श्रीरंगनं आणि मी ते ठरवलं होतं, आणि कुणालाही सांगितलं नव्हतं. ती गेल्यावर आम्ही ते एकमेकांसमोरही कधी उच्चारलं नाही.

काका ऐकत होते. त्यांनी मला उगी म्हटलं नाही.

"मी हितं लागलो त्या वर्सी अकरा पिलांना नावं ठेवली होती," ते म्हणाले. "दोन उडाली. नाव ठेवलं की हाक मारायची सवय लागते गो. आनि ओ द्यायला कुणी नसलं की ती हाक हितं अडकून ऱ्हाते." त्यांनी गळ्याला हात लावला. "म्हून नको म्हनत होतो. माज्यासाठी नको म्हनत होतो, पिलासाठी नव्हं."

"चुकलं माझं, काका."

"नाय चुकलं. तुजी तर आधीच अडकली होती." त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. "त्येचीबी."

पुण्यात तेव्हा साडेचार वाजले असतील, श्रीरंग ऑफिसात असणार. मी बाहेर ओट्यावर गेले आणि फोन लावला. त्यानं पहिल्याच घंटीला उचलला.

"वाचलं मी," मी म्हणाले.

"हं."

"पहिल्या दिवसापासून वाचत होतास?"

"पहिल्या दिवसापासून."

"बोलला नाहीस काही."

"तू थांबशील असं वाटलं," तो म्हणाला. "मी बोललो तर तू लिहायची थांबशील. मला रोज वाचायचं होतं."

त्याच्या मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं, तो ओ देत नव्हता.

"सुमेधा, झाड खूप उंच होतं का गं?"

"खूप."

"वारा लागायचा तिला?"

"नाही. पेटी होती. भुसा असायचा खाली, मऊ. काका रोज जायचे, हाक मारायचे."

"नावानं?"

"नावानं," मी म्हणाले. आणि मग मी ते नाव म्हटलं, पहिल्यांदा, त्याच्यासाठी, पिल्लाचं म्हणून नाही. पलीकडे श्रीरंग रडला. वर्षभरात मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं, आणि त्यानं मला. ओट्यावर बसून मीही रडले, आतून भांड्यांचे आवाज येत राहिले, आणि कुणीही बाहेर आलं नाही.

"अजून साडेचार महिने आहेत माझे," शेवटी मी म्हणाले. "एकेचाळीस पेट्या राहिल्यात. काकांचं नोकरीतलं हे शेवटचं वर्ष आहे, मला पुरं करायचंय."

"कर."

"ठेवते मग."

"हो," तो म्हणाला. आणि मी फोन ठेवणार तेवढ्यात म्हणाला, "ये."